एमएक्स-५ ला पॉवरवाला रॅक, पण बिनपंपाचा: आठ महिने चालवून झाल्यावर

गाडी आहे पहिल्या पिढीची माझदा एमएक्स-५, १९८९ मध्ये आली तीच, उघडमीट करणाऱ्या हेडलाइटची, दोन सीटची, टनभराच्या आसपास वजनाची. माझ्या गाडीला कंपनीकडूनच साधं, बिनपॉवरचं स्टेअरिंग होतं आणि ते वाईट अजिबात नव्हतं हे आधीच सांगतो, रस्ता हातात छान कळायचा, खड्डा कुठल्या चाकाखाली आला ते न बघता सांगता यायचं. तक्रार एकच, हात फार फिरवावे लागायचे. या एका टोकापासून त्या टोकापर्यंत, म्हणजे लॉक टू लॉक, साधारण ३.३ फेरे आणि रेशो १८:१ च्या आसपास, म्हणजे स्टेअरिंग १८ अंश फिरवा तेव्हा पुढची चाकं १ अंश वळणार. सरळ रस्त्यावर याचं काहीच वाटत नाही, पण घाटात एकामागून एक उलटसुलट वळणं लागली की हातावर हात चढतात, एका वळणातून स्टेअरिंग सोडवून दुसऱ्या बाजूला घालेपर्यंत गाडी त्या वळणात शिरलेली असते आणि मग आपण तिच्या मागे धावत बसतो. इतकी चपळ गाडी, चारही चाकांना डबल विशबोन सस्पेन्शन, वजन पुढे-मागे जवळपास निम्मं निम्मं, आणि तिला वळायला सांगायलाच वेळ लागतो, हे मला कायम खटकायचं.

याच मॉडेलला जिथे पॉवर स्टेअरिंग होतं तिथे रॅक, म्हणजे स्टेअरिंग फिरवलं की डावी-उजवीकडे सरकून पुढची चाकं वळवणारी दातेरी दांडी, वेगळा दिलेला आहे, १५:१ च्या आसपास, लॉक टू लॉक २.८ फेरे. कारण उघड आहे, मदतीला पंप असल्यावर कंपनीला रॅक फास्ट ठेवणं परवडतं, बिनपॉवरच्या गाडीत मात्र पार्किंगमध्ये कोणाचे खांदे भरून येऊ नयेत म्हणून रेशो स्लो ठेवावा लागतो. तर युक्ती अशी की पॉवरवाला फास्ट रॅक घ्यायचा आणि पंप, बेल्ट, ऑइलचे पाइप यातलं काहीच लावायचं नाही. एमएक्स-५ वाल्या मंडळींमध्ये ही जुनी युक्ती आहे, याला डीपॉवर्ड रॅक म्हणतात. मी तो लावला, खरं तर दोनदा लावला, आणि त्या दोन वेळांमधला फरक सांगण्यासाठीच हे सगळं लिहितोय, कारण पहिल्यांदा लावला तेव्हा मी पार निराश झालो होतो आणि दुसऱ्यांदा तोच रॅक लावल्यावर गाडी इतकी बदलली की त्या रात्री उगाचच दोन तास चालवत बसलो.

आधी आकडे बघू म्हणजे अपेक्षा नीट राहतील. १८ भागिले १५ म्हणजे १.२. हात पाव फेरा, ९० अंश, फिरवला तर आधी चाक ५ अंश वळायचं, आता ६ वळतं. तीव्र वळणात चाक २० अंश वळवायचं असेल तर आधी अख्खा एक फेरा लागायचा, ३६० अंश, आता ३०० त भागतं. कागदावर हे काहीच वाटत नाही पण ते कमी झालेले ६० अंश नेमके तेच आहेत जिथे पूर्वी हात उचलून परत पकड बदलावी लागायची. आणि फुकट काही मिळत नाही, त्याच १.२ पटीने स्टेअरिंग जड होतं, म्हणजे हातावर साधारण २० टक्के जास्त जोर येतो. यावर मी मागाहून येतो.

आता पहिला अनुभव. जुना रॅक शोधताना मला पहिला जो मिळाला तो एका जुने पार्ट विकणाऱ्याकडून, नाव नाही घेत, फोटोत स्वच्छ धुतलेला, रंग मारलेला, बूट, म्हणजे दोन्ही टोकांची रबरी आवरणं, नवे. हातात आल्यावर पिनियनला, म्हणजे रॅकच्या दातांत बसून त्याला सरकवणाऱ्या छोट्या गिअरला, पकड लावून हळूहळू फिरवला तर मधोमध तो सैल, किंचित खडखड, आणि दोन्ही टोकांकडे जाताना घट्ट. हे झिजलेल्या रॅकचं ठरलेलं लक्षण आहे. गाडी आयुष्यातला बहुतेक वेळ सरळच जाते त्यामुळे रॅकचे मधलेच दात झिजतात, कडेचे दात जवळपास नव्यासारखे राहतात. मग कोणी म्हणतं अ‍ॅडजस्टर, म्हणजे स्प्रिंगने रॅकला पिनियनवर दाबून धरणारा भाग, आवळा, मी आवळून पाहिला, मधला प्ले, म्हणजे सैलपणा, गेला पण टोकांना तो अडकायला लागला, वळणानंतर स्टेअरिंग स्वतःहून सरळ येणार नाही इतका. असा रॅक दुरुस्त होत नाही, अ‍ॅडजस्टर हे झीज लपवायचं साधन नाहीये. विकणाऱ्याने परत घेतला नाही, म्हणाला चालू पार्ट दिला होता. त्यामुळे कोणीही जुना रॅक घेत असेल तर रंग आणि बूट बघू नका, पिनियन हाताने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवा आणि मधोमध आला की थांबून पुढे-मागे हलवा, बोटांना लगेच कळतं. बूट सरकवून आतला रॉडही बघा, गंजाचे ठिपके असतील तर नको.

दुसरा रॅक चांगला मिळाला, मधे आणि टोकाला सारखाच फिरणारा. तो मी तेव्हा सोप्या मार्गाने लावला, म्हणजे रॅक जसा आहे तसाच ठेवून ऑइलची जी दोन भोकं असतात ती एका पाइपने एकमेकांना जोडून टाकली. खूप जण असंच करतात, अर्ध्या दिवसाचं काम आहे. चालवून बघितली तर फास्ट झाली होती, हो, वळण घ्यायला हात कमी फिरत होते, पण मधोमध स्टेअरिंग रबरासारखं. सरळ जाताना थोडं डावीकडे फिरवलं तर आधी काहीच नाही, मग किंचित ओढ, आणि मग एकदम गाडी वळते. जुन्या स्लो रॅकमध्ये जो रस्ता हाताला कळायचा तो गायब. शिवाय स्टेअरिंग पटकन फिरवलं तर ते दाट काहीतरी ढवळल्यासारखं अडायचं. मला आठवतंय, पहिल्या संध्याकाळी घरी येऊन मी जुना रॅक परत लावायचा विचार पक्का केला होता.

असं का होतं ते समजून घ्यायला मला थोडा वेळ लागला, पण एकदा समजलं की पुढचं सगळं सोपं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. हायड्रॉलिक पॉवर स्टेअरिंगमध्ये तुमच्या हातातून येणारा शाफ्ट आणि रॅकला फिरवणारं पिनियन हे एकसंध नसतात. दोघांच्या मधे एक बारीक पोलादी दांडी असते, टॉर्शन बार, तुम्ही स्टेअरिंग फिरवलं की ती आधी पिळली जाते, ती पिळली की तिच्याभोवतीचा व्हॉल्व्ह उघडतो आणि पंपाचं ऑइल रॅकमधल्या पिस्टनच्या एका बाजूला जाऊन त्याला ढकलतं. म्हणजे तो पीळ ही त्या यंत्रणेची गरज आहे, त्यावरूनच तिला कळतं की मदत किती हवी. पंप असतो तेव्हा हा पीळ जाणवतही नाही कारण ऑइल लगेच काम करतं. पंप काढला की मदत गेली पण पीळ तसाच राहिला, म्हणजे तुमचा हात प्रत्येक वेळी आधी ती दांडी पिळतो आणि मग चाक वळतं. मधोमधलं रबर म्हणजे हेच. आणि ढवळल्यासारखं वाटतं ते पिस्टनच्या सीलमुळे, सील ऑइलला एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला त्या बारीक पाइपमधून ढकलत बसतं.

तर फास्ट असणं आणि डायरेक्ट असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मी तोवर दोन्हीला एकच समजत होतो. फास्टपणा दातांच्या हिशोबातून येतो. डायरेक्टपणा येतो हात आणि टायर यांच्यामध्ये जे जे काही पिळतं, दबतं, सरकतं ते कमी करण्यातून. पहिलं विकत मिळतं, दुसऱ्यासाठी सगळं उघडून बसावं लागतं. मोठ्या कंपन्यांच्या गाड्यांतही हे दिसतं, सित्रोएन एसएम १९७० मध्ये आली तेव्हा तिचं स्टेअरिंग लॉक टू लॉक फक्त २ फेऱ्यांचं होतं, आजही ते फास्टच म्हणावं लागेल, पण त्या हायड्रॉलिक यंत्रणेतून रस्त्याची खबर हाताला येतच नव्हती, सरळ यायचा जोरसुद्धा यंत्रणा स्वतः तयार करून द्यायची. म्हणजे अतिशय फास्ट, पण रस्त्याशी बोलणं बंद. कोणाला तेही आवडत असेल, मला मात्र दोन्ही हवं होतं.

मग रॅक परत खाली काढला आणि पूर्ण उघडला. लेथवर काम करणारे ओळखीचे एक काका आहेत, त्यांच्याकडे घेऊन गेलो, कारण यातलं एक काम मी स्वतः करणार नव्हतो आणि कोणी नवख्या माणसाने करूही नये. रॅक आडवा धरून रॉड बाहेर ओढला तर आतून जुनं तपकिरी ऑइल भळभळ बाहेर आलं. रॉडच्या साधारण मध्यावर पिस्टनची कडी असते आणि तिच्या खाचेत बारीक सील, ते ब्लेडने कापून काढलं, कडी तशीच ठेवली. आता हवा इकडून तिकडे मोकळी जाऊ शकते, रॉडला अडवणारं काही उरलं नाही. व्हॉल्व्हच्या भोवतीच्या बारीक रिंगाही काढल्या, त्यांचंही उगाच घर्षण होतं. मग काकांनी पिनियन शिकंज्यात धरलं आणि वरच्या शाफ्टला पाना लावून मला म्हणाले, "हात लाव, फिरवून बघ." फिरवला तर खालचं पिनियन घट्ट धरलेलं असतानाही वरचा शाफ्ट दोन्ही बाजूंना काही अंश फिरत होता, सोडला की परत मधे. बस, तेच होतं. आठ दिवस मी रस्त्यावर जे शोधत होतो ते तिथे शिकंज्यात डोळ्यांना दिसलं.

तो पीळ बंद करायला वरचा शाफ्ट आणि पिनियन एकमेकांना वेल्ड करतात. काकांनी टिग वेल्डिंगने छोटे छोटे टाके मारले, एक टाका, मग थांबायचं, गार होऊ द्यायचं, समोरच्या बाजूला दुसरा. मी घाई करत होतो तर म्हणाले, "थांब रे बाळा, दाताला ताव गेला तर पिनियन मऊ पडेल, मग काय करशील?" बरोबरच आहे, दात कठीण केलेले असतात आणि जास्त उष्णतेने तो कठीणपणा जातो, शिवाय बेअरिंग बसायची जागा वाकडी होऊ शकते. वेल्ड झाल्यावर पिनियन फिरवून सरळ आहे की नाही तेही त्यांनी डायल लावून तपासलं. यातलं काही चुकलं तर परिणाम काय होतो हे वेगळं सांगायला नको, स्टेअरिंग आहे हे. म्हणून हे काम ज्याला हे कळतं त्याच्याकडूनच करून घ्या, किंवा असा तयार करून दिलेला रॅक विकत घ्या, मिळतात.

जोडताना आतल्या सगळ्या दातांना भरपूर ग्रीस, कारण आता ऑइल नाही. ऑइलची भोकं बुचं लावून बंद. आणि अ‍ॅडजस्टर थोडा थोडा आवळत प्रत्येक वेळी रॅक पूर्ण फिरवून बघितला, मधोमध प्ले नाही आणि टोकांना अडकत नाही अशी जागा सापडेपर्यंत. यालाच मला पाऊण तास गेला आणि तो सार्थकी लागला.

रॅक गाडीला जिथे बसतो तिथले रबरी बुश पण मी याच वेळी बदलले, पॉलियुरेथेनचे घातले. जुने काढल्यावर त्यातला एक अंगठ्याने दाबला तर चेंडूसारखा दबत होता, म्हणजे वळणात टायरने जोर लावला की अख्खा रॅकच थोडा बाजूला सरकत असणार. यावर लोक फार लक्ष देत नाहीत आणि नवा रॅक जुन्या बुशवर बसवतात. माझ्या मते रॅक न बदलता नुसते हे बुश आणि टाय रॉडचे, म्हणजे रॅकपासून चाकांपर्यंत जाणाऱ्या दांड्यांचे, बॉल जॉइंट बदलले तरी जुन्या गाडीत बराच फरक पडेल, ज्याला मोठा खर्च करायचा नाही त्याने इथूनच सुरुवात करावी.

बसवण्याबद्दल फार लिहीत नाही, ते कुठल्याही रॅकसारखंच आहे, पण काही गोष्टी सांगतोच. स्टेअरिंगचा शाफ्ट सोडवायच्या आधी स्टेअरिंग सरळ करून बांधून ठेवा, एअरबॅगवाली गाडी असेल तर मोकळं स्टेअरिंग गरागरा फिरून आतली क्लॉक स्प्रिंग, म्हणजे एअरबॅगच्या वायरची गुंडाळी, तुटते. रॅक बसवायच्या आधी तो बरोबर मध्यावर आणा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फेरे मोजा आणि निम्मे मागे या, अंदाजाने नको, नाहीतर एका बाजूला गाडी जास्त वळेल आणि दुसऱ्या बाजूला कमी. टाय रॉडचं टोक काढताना नट पूर्ण काढून थेट आट्यांवर हातोडी मारू नका, पुलर वापरा. स्प्लाइन, म्हणजे शाफ्टच्या टोकाच्या खाचा, जुळतात का ते गाडी उचलायच्या आधीच बघून घ्या, आणि उजव्या स्टेअरिंगचा रॅक डाव्याला चालत नाही हेही ऑर्डर करायच्या आधी लक्षात ठेवा. शेवटी अलाइनमेंट, टाळायची नाही, टाय रॉडचे आटे मोजून लावले तरी टो, म्हणजे पुढची चाकं आत किंवा बाहेर किती कललेली आहेत ते, बरोबर येत नाही, माझं स्टेअरिंग पहिल्यांदा थोडं डावीकडे कललेलं राहिलं होतं ते अलाइनमेंटमध्येच सरळ झालं.

आता रस्त्यावर काय वाटतं ते. पहिल्या शंभर मीटरमध्येच कळलं. मधोमध आता मोकळी जागा नाहीच, बोटांनी हलवलं तर नाक हलतं, तेवढंच आणि तत्काळ. घाटातल्या ज्या जोडवळणाला माझे हात एकमेकांत अडकायचे तिथे आता हात नऊ आणि तीनच्या जागेवरून हलतच नाहीत, आधी डावीकडे, मग उजवीकडे, पकड न बदलता. त्यामुळे हात कुठे आहेत यावरून चाकं कुठे आहेत ते कायम माहीत असतं, आणि गाडी मागून थोडी सरकली तर उलट स्टेअरिंग द्यायला ती जी अर्ध्या क्षणाची उशीर व्हायची ती राहिली नाही. माझ्यासाठी या अपग्रेडचं सगळ्यात मोठं मोल हेच आहे, वेगापेक्षाही.

दुसरी गोष्ट मला पावसात सापडली. ओल्या रस्त्यावर एका मोठ्या गोल चौकात सावकाश वेग वाढवत होतो, स्टेअरिंग एकसारखा जोर देत होतं, आणि मग वेग तसाच असताना ते हातात अचानक हलकं झालं, पुढची चाकं अजून घसरली नव्हती, गाडी अजून रेषेतच होती. मी अ‍ॅक्सिलरेटर थोडा सोडला आणि वजन परत आलं. हे असं होतं कारण टायर जमिनीला जिथे ढकलतो ती जागा चाकाच्या मध्याच्या थोडी मागे असते, त्यामुळेच स्टेअरिंग स्वतः सरळ यायला बघतं, आणि पकड संपत आली की ती जागा पुढे सरकत मध्याजवळ येते, म्हणजे सरळ यायचा जोर पकड सुटायच्या आधीच कमी होतो. गाडी आधी सांगते आणि मग घसरते. जुन्या स्लो रॅकमध्ये हे पुसट कळायचं, पाइप जोडलेल्या रॅकमध्ये अजिबात नाही, आता मात्र स्पष्ट ऐकू येतं. यासाठीच मी त्या पीळ घालवण्याच्या कामावर इतकं लिहिलं.

आता न आवडलेलं. पार्किंग जड आहे, खरंच जड. मी १५ इंची चाकांवर १९५/५० चे टायर लावलेत, मूळचे १८५/६० आर १४ होते, त्यामुळे माझ्या बाबतीत अजूनच. उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवायला गेलं तर खांद्यापासून जोर लावावा लागतो. उपाय म्हणजे गाडी किंचित तरी हलती ठेवून फिरवायचं, चाक फिरायला लागलं की निम्म्याहून जास्त वजन उतरतं, आठ महिन्यांत ती सवय झाली. आणि कृपा करून याच्यावर लहान व्यासाचं स्पोर्टी स्टेअरिंग लावू नका, मी एका मित्राचं उधार घेऊन लावून बघितलं होतं, तरफ कमी झाली की जोर अजून वाढतो, दोन दिवसांत काढलं. टायरमधली हवा थोडी जरी कमी झाली तरी आता हाताला आधी कळतं, त्यामुळे दर आठवड्याला तपासतो.

पॉलियुरेथेन बुशमुळे खराब रस्त्यावर हाताला झिणझिण जास्त येते. तासाभराच्या प्रवासात काही नाही पण दिवसभर चालवली तर संध्याकाळी तळवे जाणवतात. हायवेवर लोक म्हणतात तशी गाडी अस्थिर झाली का? माझ्या अनुभवात नाही, १८ वरून १५ म्हणजे काही रेसिंग गाडी नाही झाली, पण बेसावधपणे मागच्या सीटवरची पिशवी काढायला जाण्याचे दिवस संपले, तसंही दोनच सीट आहेत. आडवा वारा असला की दोन्ही हात लागतात. टो बाहेरच्या बाजूला ठेवला असता तर कदाचित चुळबुळली असती, मी अगदी थोडा आत ठेवलाय.

फिरायची जागा, म्हणजे यू-टर्न, तेवढीच राहिली. हे मुद्दाम सांगतोय कारण फेरे कमी म्हणजे रॅक फास्ट असं सरसकट धरू नका. रॅकचा प्रवासच कमी असेल तरी फेरे कमी भरतात, तेव्हा तुम्हाला फास्ट स्टेअरिंग मिळत नाही, फक्त मोठा यू-टर्न मिळतो. विकत घेताना एका पूर्ण फेऱ्यात रॅक किती मिलिमीटर सरकतो ते जुन्याशी ताडून बघा, खरा आकडा तोच आहे.

दुसरे पर्याय पण आहेत. स्टेअरिंगच्या शाफ्टमध्ये बसणारे छोटे गिअरबॉक्स मिळतात, दीडपट किंवा दुप्पट फास्ट करणारे, रॅकला हात न लावता काम होतं, पण जोरही तेवढ्याच पटीने वाढतो आणि मधे अजून एक फिरणारी वस्तू येते, मला ते मनापासून पटलं नाही. काही जण ओपेल कोर्साचा इलेक्ट्रिक मदतीचा कॉलम अशा जुन्या गाड्यांत बसवतात, ज्याच्या खांद्याला त्रास आहे त्याच्यासाठी तो चांगला मार्ग आहे. सुबारू इम्प्रेझावाल्यांना टाइप आरए चा १३:१ चा रॅक माहीत असेलच, तिथे पॉवर तशीच ठेवून फास्ट रॅक मिळतो, तुमच्या गाडीच्या जुळ्या मॉडेलमध्ये असं काही आहे का ते आधी शोधा, कंपनीचा पार्ट असेल तर डोकेदुखी खूप कमी.

नव्या गाडीवाल्यांनी मात्र थांबावं. ज्या गाडीत स्टॅबिलिटी कंट्रोल आहे ती स्टेअरिंगचा कोन मोजून ठरवते की तुम्हाला किती वळायचंय, आणि गाडी प्रत्यक्षात तेवढी वळतेय का ते तपासते. रेशो बदलला की तिचा हिशोब चुकतो, तिला वाटतं गाडी मागून घसरतेय आणि नको तेव्हा ब्रेक लावते. कंपन्यांना हे सगळं एकत्र बसवून द्यावं लागतं, होंडाने २००० मध्ये एस२००० टाइप व्ही मध्ये आणि बीएमडब्ल्यूने २००३ मध्ये ५ सिरीजमध्ये वेगाप्रमाणे बदलणारा रेशो दिला तो पूर्ण यंत्रणेसकट दिला, नुसते दात बदलून नाही. आल्फा रोमिओ जुलिया ११.८:१ वर चालते, तिची सगळी जुळणीच त्यासाठी केलेली आहे.

कोणी घ्यावा? ज्याची गाडी हलकी आहे, टायर फार रुंद नाहीत, आणि जो वळणाच्या रस्त्यावर चालवायलाच ती गाडी ठेवतो त्याने. रोज गर्दीत चालवायची एकच गाडी असेल तर नको, पंपासकट पॉवर रॅक लावा, तोही १५:१ च आहे. आणि लावलात तर इन्शुरन्सवाल्यांना कळवा. पाच पैकी विचाराल तर पाइप जोडलेल्या रॅकला मी दोन देईन आणि नीट उघडून बनवलेल्या त्याच रॅकला साडेचार, अर्धा पार्किंगसाठी कापला.

परवा आठ महिने झाले म्हणून दोन्ही बूट मागे सरकवून बघितले, ग्रीस स्वच्छ होतं, पाण्याचा थेंब नाही, आणि चाक दोन्ही हातांनी धरून नऊ आणि तीनला हलवलं तर प्ले शून्य. टायर आता बदलायला आलेत. मूळ साइझचे १४ इंची परत लावणार आहे, पार्किंगमधलं वजन त्याने किती उतरतं ते बघायचंय.